घटनात्मक राज्य : काही शब्द आणि त्यांचे अर्थ



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत ऋतूतील व्याख्यानांचा उपक्रम सुरू केला. त्या प्रथेला आता दीडशे वर्षे होऊन गेली. अशा व्यासपीठावरून राज्यघटनेवर बोलावयाचे तर एखादा कायदेपंडित हवा होता. चालकांनी आमच्यासारख्या सातवी शिकलेल्या, लेथवर हात काळे केलेल्या आणि पुढे युनियनच्या कामात जन्म घातलेल्या माणसाला हा विषय द्यावा, याचे आम्हांस प्रथम आश्चर्य वाटले. मग विचार केला की, राज्यघटना ही काही फक्त पंडितांसाठी लिहिलेली नाही. तिचा पहिला शब्द ‘आम्ही’ असा आहे, आणि त्या ‘आम्ही’मध्ये आमचाही समावेश आहे. तेव्हा आपल्या वाट्याला आलेल्या अनुभवाच्या उजेडात त्या ग्रंथातील पाचसात शब्द आम्हांला जसे उमगले तसे सांगावेत, एवढाच आजचा बेत आहे.

पहिला शब्द अर्थात ‘घटना’ हाच. घटना म्हणजे राज्य चालविण्याचे नियम, असे पुस्तकात लिहिलेले असते. ते खरे आहे, परंतु अपुरे आहे. आम्हांला घटनेचा अर्थ प्रथम कळला तो एका बॉयलरपाशी. आम्ही पोरवयात हेल्पर म्हणून जेथे लागलो तेथे बॉयलरवर एक सेफ्टी व्हॉल्व्ह होता. वाफेचा दाब ठरलेल्या आकड्यापलीकडे गेला की तो आपोआप उघडे आणि जादा वाफ निघून जाई. त्या व्हॉल्व्हला सील असे. कोळसा टाकणे फायरमनच्या हाती, दाब किती ठेवावा हे मुकादमाच्या हाती, पण ते सील तोडण्याचा अधिकार त्या दोघांनाही नव्हता आणि मालकालाही नव्हता. कामाची घाई असली की प्रत्येकालाच वाटे, आज जरा दाब वाढवला तर काय बिघडेल? असे वाटणारी माणसे वाईट नव्हती, ती फक्त घाईत होती. घाईत असलेल्या भल्या माणसापासूनही सर्वांचा जीव सुरक्षित राहावा म्हणून ते सील होते. घटना म्हणजे राज्याच्या बॉयलरवरचे ते सील होय. राज्यकर्त्याने काय करावे हे ती सांगतेच, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्याच्या हाती काय नाही हे ती सांगते.

नियमांवाचून चांगले काम होतच नाही, असे आमचे म्हणणे नाही. रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांची चळवळ उभी केली आणि १० जून १८९० पासून रविवारची सुटी मिळवून दिली. त्यांच्या संघाला रीतसर सभासदांची यादी नव्हती, निधी नव्हता, नियमांची वही नव्हती. सारे काम एका थोर माणसाच्या पुण्याईवर चालले होते. तो माणूस १८९७ साली प्लेगात गेला आणि त्याच्यामागे संघ उरला नाही. व्यक्ती गेली तरी काम राहावे, हे घटनेचे दुसरे प्रयोजन आहे.

पुढे मद्रासमध्ये कामगारांनी युनियन काढली, तेव्हा तेथील एका गिरणीच्या चालकांनी १९२० साली न्यायालयाकडून पुढाऱ्यांविरुद्ध मनाईहुकूम आणला. कामगारांना एकत्र करणे हाच कायद्याने गुन्हा ठरू पाहत होता. त्यानंतर नारायण मल्हार जोशी यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात १९२१ साली ठराव मांडला आणि १९२६ साली ट्रेड युनियनचा कायदा झाला. त्या कायद्याने युनियनला संरक्षण दिले, पण एक अट घातली. युनियनची लेखी नियमावली असली पाहिजे. सभासद कोण होऊ शकतो, वर्गणी किती, पैसा कशावर खर्च होईल, हिशेब कोण तपासील, पदाधिकारी कसे नेमले व काढले जातील, नियम कसे बदलता येतील, हे सारे तिच्यात लिहिले पाहिजे. हा कायदा आता राहिलेला नाही. त्याची जागा औद्योगिक संबंध संहितेने घेतली असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली आहे. परंतु ती जुनी यादी आम्ही कधी विसरलो नाही. पुढे भारताची राज्यघटना वाचावयास घेतली तेव्हा ते जाड पुस्तक पाहून छाती दडपली होती. मूळ घटनेत ३९५ कलमे आणि ८ परिशिष्टे! पण पाने उलटता उलटता ध्यानात आले की प्रश्न तेच आहेत. सभासद कोण, म्हणजे नागरिकत्व. वर्गणी किती, म्हणजे कर. खर्चाला मंजुरी कोणाची, म्हणजे अंदाजपत्रक. हिशेब कोण तपासणार, म्हणजे महालेखापरीक्षक. पदाधिकारी कसे काढावयाचे, म्हणजे अविश्वासाचा ठराव. आणि नियम कसे बदलावयाचे, म्हणजे ३६८ वे कलम. भीती गेली, आणि मग वाचन सुरू झाले.

आता दुसरा शब्द, ‘कायद्याचे राज्य’. हा शब्द आपण सर्रास वापरतो आणि बहुधा चुकीचा वापरतो. पोलिसांचा बंदोबस्त कडक असला, रस्त्यावर शुकशुकाट असला, की आपण म्हणतो, पाहा, कायद्याचे राज्य आले. परंतु कायद्याने चालविलेले राज्य निराळे आणि कायद्याचे राज्य निराळे. इंग्रजांचे राज्य कायद्याने चाललेलेच होते. १९०८ साली लोकमान्य टिळकांवर खटला झाला तो कायद्याप्रमाणेच झाला. आरोपाचे कलम होते, न्यायाधीश होते, नऊ जणांची ज्यूरी होती, लोकमान्यांना बोलण्याची संधीही मिळाली. ज्यूरीत सात युरोपियन आणि दोन पारशी होते. सातांनी दोषी म्हटले, दोघांनी निर्दोषी म्हटले, आणि सहा वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा झाली. मुंबईचा गिरणी कामगार त्यानंतर सहा दिवस कामावर गेला नाही. त्या अक्षरशत्रू माणसांना कायद्यातला कोणता बारकावा कळला होता? त्यांना एवढेच कळले होते की, ज्या कायद्यापुढे राज्यकर्ता स्वतः कधीच उभा राहत नाही, तो कायदा नव्हे, ती चाबकाची दोरी आहे.

कायद्याचे राज्य म्हणजे ज्याच्या हाती सत्ता आहे त्यालाही बांधणारा कायदा. आपल्या घटनेच्या १४ व्या कलमात कायद्यापुढील समानता सांगितली आहे ती या अर्थाने. अधिकाऱ्याने हुकूम दिला तर ‘कोणत्या कायद्याने?’ हा प्रश्न विचारण्याचा हक्क रस्त्यावरच्या माणसाला आहे. २६५ वे कलम सांगते की, कायद्याच्या अधिकाराशिवाय एक पैचाही कर बसविता येत नाही. २२ वे कलम सांगते की, अटक केलेल्या माणसाला अटकेचे कारण सांगितले पाहिजे आणि प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभे केले पाहिजे. ही वाक्ये कोरडी वाटतात. ज्याच्या दारावर रात्री थाप पडते त्याला ती कोरडी वाटत नाहीत.

तिसरा शब्द ‘सत्ताविभागणी’. कायदा करणारा एक, तो अंमलात आणणारा दुसरा आणि त्याचा अर्थ लावून निवाडा देणारा तिसरा, असा हा श्रमविभाग आहे. यावर आम्ही फार वेळ घेत नाही, कारण तो आपल्या परिचयाचा आहे. ज्याने माल बनविला त्यानेच तो तपासून पास करू नये, हे कोणत्याही कारखान्यातला पोऱ्यादेखील सांगेल. मात्र आपल्या पद्धतीत मंत्रिमंडळ लोकसभेतूनच निघते आणि तिला सामुदायिकरीत्या जबाबदार असते. ही जबाबदारी किती काटेकोर असू शकते हे १७ एप्रिल १९९९ रोजी दिसले. वाजपेयी सरकारच्या बाजूने २६९ मते पडली आणि विरुद्ध २७० पडली. एका मताने सरकार गेले. ना गोळी सुटली, ना सैन्य हलले. जगात असे देश थोडे नाहीत की जेथे अशा वेळी रणगाडे बाहेर पडतात.

आता आम्ही ‘मूलभूत हक्क’ या शब्दाकडे येतो, आणि येथे थोडे थांबतो. मूलभूत हक्क म्हणजे बहुमतालाही जे काढून घेता येऊ नयेत असे हक्क. आमच्या दृष्टीने त्यांतला जवळचा म्हणजे १९ व्या कलमातील संघ किंवा युनियन स्थापण्याचा हक्क. मद्रासच्या त्या मनाईहुकुमापासून या कलमापर्यंतचा प्रवास तीस वर्षांचा आहे. परंतु श्रोतेहो, हक्काचे नुसते नाव ऐकून हुरळून जाऊ नये. युनियन काढण्याचा हक्क मूलभूत आहे, पण संपाचा हक्क मूलभूत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६१ साली बँक कर्मचाऱ्यांच्या खटल्यात सांगितले. संपाचा हक्क आहे तो साध्या कायद्याने दिलेला आहे, आणि साध्या कायद्याने दिलेले साध्या कायद्याने आक्रसतेही. हे आमच्या कित्येक कार्यकर्त्यांना ठाऊक नसते.

दुसरी गोष्ट. मूलभूत हक्क बहुतांशी राज्यसंस्थेविरुद्ध आहेत. सरकारने तुमच्यावर अन्याय केला तर घटना तुमच्या पाठीशी उभी राहते. खाजगी मालकाने केला तर ती पुष्कळदा कारखान्याच्या फाटकापाशी थबकते, आणि आत जावयाला कामगार कायद्याचा पास लागतो. परंतु काही कलमे अशी आहेत की ती फाटक ओलांडून थेट आत जातात. अस्पृश्यता नष्ट करणारे १७ वे कलम, वेठबिगारीला बंदी करणारे २३ वे कलम आणि चौदा वर्षांखालील मुलांना कारखान्यात, खाणीत वा धोक्याच्या कामावर ठेवण्यास मनाई करणारे २४ वे कलम. ही कलमे सरकारला जशी बांधतात तशीच सावकाराला, ठेकेदाराला आणि मालकाला बांधतात.

२३ व्या कलमाची एक कथा सांगण्यासारखी आहे. १९८२ साली दिल्लीत आशियाई खेळ भरावयाचे होते. स्टेडियमे, पूल, हॉटेले घाईने उभी राहत होती. मजूर परप्रांतांतून आणलेले होते. किमान वेतन दिवसाला सव्वानऊ रुपये होते, पण पैसे जमादारामार्फत दिले जात आणि जमादार माणशी रोज एक रुपया आपले कमिशन म्हणून कापून घेई. मजुराच्या हातावर सव्वाआठ पडत. नागरी हक्कांसाठी झटणाऱ्या एका संघटनेने न्यायमूर्ती भगवती यांना पत्र लिहिले, आणि ते पत्रच अर्ज म्हणून दाखल झाले. सरकारतर्फे विचारले गेले की, मजूर तर आपखुशीने कामावर आले आहेत, यात वेठ कसली? न्यायालयाने उत्तर दिले की, पाठीवर चाबूक असला तरच वेठ होते असे नाही. भुकेनेही माणसाला वेठीला धरले जाते. किमान वेतनाहून कमी मजुरीवर जो राबतो तो नाइलाजाने राबतो, आणि म्हणून ती वेठबिगार होय.

रोज एक रुपयाचा हा प्रश्न होता. त्या रुपयासाठी देशाचे सर्वोच्च न्यायालय घटनेचे पान उघडून बसले. आम्ही हा निकाल गेट-मीटिंगमध्ये शेकडो वेळा सांगितला असेल. सांगताना दर वेळी एखादा ठेका कामगार हळूच विचारतो, ‘दादा, मग आमचा जमादार अजून कापतो तो कसा?’ या प्रश्नाला आमच्यापाशी एकच उत्तर आहे. घटनेत हक्क लिहिलेला आहे, आणि ३२ व्या कलमात त्यासाठी थेट सर्वोच्च न्यायालयाचे दार उघडलेले आहे. परंतु दार आपोआप घरी चालत येत नाही. तेथवर जावयाला संघटना लागते. संघटना नसलेल्या माणसाचा हक्क म्हणजे बिनवटलेला धनादेश.

हक्कांच्या शेजारी घटनेत ‘मार्गदर्शक तत्त्वे’ आहेत. कामाचा हक्क, निर्वाहाला पुरेसे वेतन, म्हातारपणी आणि आजारात साहाय्य, असे सारे त्यांत आहे. परंतु ३७ वे कलम सांगते की, ही तत्त्वे राज्यकारभाराला मूलभूत असली तरी ती न्यायालयातून बजावून घेता येत नाहीत. तरुणपणी आम्ही यावर फार चिडत असू. म्हणत असू, ही तर उधारीची खातेवही. आता मत थोडे निवळले आहे. चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण दहा वर्षांत देण्याचा प्रयत्न करावा, असे एक तत्त्व मूळ घटनेत होते. दहा वर्षांत ते झाले नाही. २००२ च्या ८६ व्या दुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी तो मूलभूत हक्क झाला, २००९ साली कायदा झाला, आणि १ एप्रिल २०१० पासून तो अंमलात आला. दहाच्या जागी साठ वर्षे लागली. पण नोंद होती म्हणून वसुली झाली. जी उधारी वहीत लिहिलेलीच नसते ती कोणी वसूल करीत नाही.

आता कठीण प्रकरणाकडे वळू. तो शब्द म्हणजे ‘कायद्याने प्रस्थापित केलेली कार्यपद्धती’. २१ वे कलम म्हणते की, अशा कार्यपद्धतीवाचून कोणाचेही जीवित वा स्वातंत्र्य हिरावले जाणार नाही. घटना अंमलात येऊन चार महिने झाले नाहीत तोच कम्युनिस्ट पुढारी ए. के. गोपालन यांचा खटला आला. ते स्थानबद्ध होते. १९५० साली न्यायालयाने म्हटले की, संसदेने कायदा केला आणि त्याप्रमाणे पद्धत पाळली, एवढे पुरे. ती पद्धत न्याय्य आहे की नाही हे आम्ही पाहणार नाही. अठ्ठावीस वर्षांनी, १९७८ साली, मनेका गांधी यांच्या पारपत्राच्या खटल्यात न्यायालयाने तो अर्थ बदलला. पद्धत नुसती लिहिलेली असून भागत नाही, ती न्याय्य आणि वाजवी असली पाहिजे. आणि माणसाविरुद्ध निर्णय घेण्यापूर्वी त्याचे म्हणणे ऐकले पाहिजे.

या दोन निकालांच्या मध्ये एक काळोखी रात्र होऊन गेली. २५ जून १९७५ रोजी आणीबाणी पुकारली गेली. ती २१ मार्च १९७७ पर्यंत राहिली. हजारो माणसे विनाचौकशी तुरुंगात गेली. त्यांत आमच्या चळवळीतील वडीलधारेही होते. अनेक उच्च न्यायालयांनी म्हटले की, आणीबाणी असली तरी अटक कायद्याला धरून आहे की नाही हे आम्ही तपासू. प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. २८ एप्रिल १९७६ रोजी पाचांपैकी चार न्यायमूर्तींनी सांगितले की, आणीबाणीत हा प्रश्न नागरिकाला विचारताच येत नाही. एकटे न्यायमूर्ती हंसराज खन्ना विरुद्ध उभे राहिले. पुढच्या जानेवारीत सरन्यायाधीशपद त्यांना ज्येष्ठता असूनही मिळाले नाही, आणि त्यांनी राजीनामा दिला. जनतेने १९७७ साली मतपेटीतून उत्तर दिले. १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने ठरविले की, आणीबाणीतही २१ व्या कलमाचा हक्क निलंबित होणार नाही. आणि २०१७ साली नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने तो जुना निकाल चुकीचा होता असे स्पष्ट सांगून रद्द केला. न्यायालयाला आपली चूक म्हणावयाला एकेचाळीस वर्षे लागली. तरी ती म्हटली गेली, हे लहान नव्हे.

आणीबाणीतील एक गोष्ट मात्र लोक विसरतात. १९७१ साली निवडलेल्या लोकसभेची मुदत १९७६ मध्ये संपत होती. तिने कायदा करून आपली मुदत आपणच वाढवून घेतली. सारे रीतसर झाले, ठराव मांडला गेला, मते पडली. ज्यांना पुन्हा निवडून यावयाचे होते त्यांनीच ठरविले की आता निवडणुकीची वेळ नाही.

हे सांगताना आमचा आवाज चढतो, आणि मग एका आठवणीने तो खाली येतो. ती आठवण सांगितल्यावाचून हे व्याख्यान प्रामाणिक होणार नाही.

पंचवीस-सव्वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या युनियनचा एक फिटर होता. कंपनीने त्याच्यावर हत्यार चोरल्याचा आळ घेतला आणि आरोपपत्र नाही, चौकशी नाही, दुसऱ्या दिवशी त्याला फाटकाबाहेर काढले. आम्ही त्याच्यासाठी तीन वर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजविल्या. मुद्दा एकच होता, माणसाला विचारल्यावाचून काढता येत नाही. आम्ही जिंकलो आणि तो कामावर परत आला. पुढे दोन वर्षांनी संप झाला. त्याच सुमारास आमच्या कार्यकारिणीची मुदत संपली. सर्वसाधारण सभा घेऊन निवडणूक करावयाची होती. कार्यकारिणीनेच बसून ठराव केला की, संप मिटेपर्यंत निवडणूक नाही. आम्ही त्या वेळी सरचिटणीस होतो. ठरावाचे शब्द आमचे होते. गेट-मीटिंगमध्ये हा फिटर नियमावलीची पुस्तिका घेऊन उभा राहिला आणि म्हणाला, ‘हे कोणत्या नियमाने?’ मागून कोणीतरी ओरडले, ‘हा मालकाचा माणूस!’ तो मालकाचा माणूस नाही हे सर्वांत जास्त आम्हांला ठाऊक होते. आम्ही व्यासपीठावर गप्प बसलो. त्याच संध्याकाळी कार्यकारिणीने त्याचे सभासदत्व रद्द केले, त्याला नोटीस न देता.

आठ दिवसांनी तो कचेरीत आला. भांडला नाही. एवढेच म्हणाला, ‘दादा, मालकाने मला न विचारता काढले तेव्हा तुम्ही माझ्यासाठी तीन वर्षे लढलात. आता तुम्ही मला विचारलेत का?’ आणि निघून गेला.

संप मिटल्यावर आम्ही सर्वसाधारण सभा बोलाविली, तो ठराव चुकीचा होता हे उभे राहून सांगितले, त्याचे नाव यादीत परत घेतले आणि पदाचा राजीनामा दिला. सभेने आम्हांस क्षमा केली, पुढे पुन्हा निवडूनही दिले. त्या फिटरने निवृत्त होईपर्यंत दर महिन्याला वर्गणी भरली, पावती घेतली. परंतु सभेला तो पुन्हा कधी आला नाही. आम्ही एक नियम मोडला होता, आणि त्याबरोबर एक माणूस गमावला होता.

म्हणून आमच्या मते घटनात्मक राज्याचा सर्वांत अवघड शब्द ‘घटनात्मक नीती’ हा आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना याच गोष्टीवर बोट ठेवले होते. ही नीती माणसाच्या रक्तात नसते, ती प्रयत्नाने रुजवावी लागते आणि आपल्या लोकांना ती अजून शिकावयाची आहे, असा त्यांचा भावार्थ होता. आपल्या विरोधकाला नियमाचे संरक्षण देणे, आणि तेही आपण अडचणीत असताना, ही त्या नीतीची कसोटी आहे. मित्राला न्याय देण्यासाठी घटना लागत नाही.

बाबासाहेबांची आणखी एक गोष्ट आमच्यासारख्यांना टोचते. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनी बजावले की, आता घटनात्मक मार्ग खुले झाले आहेत, तेव्हा सत्याग्रह, असहकार असले मार्ग सोडले पाहिजेत. हेच बाबासाहेब ७ नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईत औद्योगिक कलहाच्या विधेयकाविरुद्ध कामगारांच्या एक दिवसाच्या संपाचे पुढारी होते! यात विसंगती आहे काय? आम्ही यावर पुष्कळ विचार केला. आमचे उत्तर असे : नोटीस देऊन, समेटाची बोलणी करून, कायद्याच्या चौकटीत केलेला संप हा घटनात्मक मार्गच आहे. परंतु त्याच भाषणात बाबासाहेबांनी दुसरी बाजूही सांगितली होती. राजकारणात एका माणसाला एक मत आणि संसारात मात्र विषमता, ही विसंगती फार काळ चालली तर तिचे चटके बसलेले लोक ही इमारत उडवून देतील. मार्ग सोडा हे सांगणे आणि विषमता मोडा हे सांगणे, ही एकाच कराराची दोन कलमे आहेत. राज्यकर्ते पहिले कलम वाचून दाखवितात आणि आमचे काही पुढारी दुसरे. दोन्ही वाचली पाहिजेत.

राहता राहिला ‘घटनादुरुस्ती’. काळ बदलतो, नियमही बदलावे लागतात. संसदेला तो अधिकार आहे. पण किती? २४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती खटल्यात तेरा न्यायमूर्तींनी, सात विरुद्ध सहा अशा मतांनी, ठरविले की, घटना दुरुस्त करता येईल, तिचा पाया उखडता येणार नाही. मुंबईचे नानी पालखीवाला यांनी तो खटला लढविला होता. यंत्राचा सुटा भाग बदलावा, परंतु दुरुस्तीच्या नावाखाली बॉयलरचे सील काढू नये, इतका हा साधा विचार आहे.

शेवटी आपल्या गावाकडे या. ७४ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून नगरपालिकांना घटनेत स्थान मिळाले. त्यांची मुदत पाच वर्षे आणि ती संपण्यापूर्वी निवडणूक झाली पाहिजे, असे स्पष्ट लिहिले आहे. तरीही महाराष्ट्रातल्या मुंबई, पुण्यासारख्या महानगरपालिकांची मुदत २०२२ साली संपली आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ तेथे प्रशासक बसले. आरक्षणाचा वाद न्यायालयात होता, प्रभागरचनेचा घोळ होता, कारणे होती. कारणे नेहमीच असतात. आमच्याही त्या ठरावाला कारण होते. परंतु त्या काळात किती नागरिकांनी उठून विचारले की, ‘हे कोणत्या नियमाने?’ रस्ता खणला म्हणून आपण ओरडलो, नळ आला नाही म्हणून ओरडलो. मत गेले म्हणून फार थोडे ओरडले.

श्रोतेहो, आपण सारे कोणत्या ना कोणत्या संस्थेचे सभासद आहोत. गृहनिर्माण संस्था, पतपेढी, वाचनालय, शाळेचे मंडळ, देवस्थानाचा ट्रस्ट. तेथील सर्वसाधारण सभेला किती जण जातात? गणसंख्येअभावी तहकूब झालेली सभा अर्ध्या तासाने त्याच जागी चार टाळक्यांत उरकली जाते आणि आपण चहा घेऊन घरी येतो. घटनात्मक राज्याची शाळा दिल्लीत नाही, ती येथे आहे. हिशेबाचे पत्रक वाचा. इतिवृत्तात आपले म्हणणे नोंदविले आहे की नाही ते पाहा. आणि एखादा एकटा सभासद नियमांचे पुस्तक हातात घेऊन उभा राहिला, आणि मागून कोणी ओरडले, तर व्यासपीठावर असा की सभेत असा, गप्प बसू नका. त्याला बोलू द्या. आम्ही एकदा गप्प बसलो होतो.